इसरू फौजीचा दगड

दगड सोमवारी उचलायचा होता, आणि शनिवारी भर दुपारी सोमारीबाई माझ्या अंगणात येऊन बसली. पाणी दिलं, प्यायली नाही. म्हणजे काम मोठं होतं. लहान कामाला आली की ती आधी पाणी पिते, मग तंबाखू मागते, मग माझ्या बायकोच्या गुडघ्यांची चौकशी करते आणि उठता उठता काम सांगते. मोठ्या कामाला आली की काहीच मागत नाही.

"पोस्टभाऊ," ती म्हणाली, "ते पत्र तुमच्या ध्यानात असंन."

कोणतं, असं मी विचारलं नाही. तिच्या नवऱ्याची दीडेकशे पत्रं मी तिला वाचून दाखवली असतील, पण 'ते' म्हणावं असं एकच होतं.

"हाव," मी म्हणालो.

"विसरून जा."

एवढंच बोलून ती बसून राहिली. उन्हात समोरच्या मोहाखाली कोंबड्या उकरत होत्या, त्यांच्याकडे बघत. मी मान हलवली तेव्हा उठली आणि गेली. बायकोच्या गुडघ्यांचं राहिलंच.

एटापल्लीच्या पुढे डांबर संपतं, तिथून आत सहा कोसांवर आमचा मरकाटोला. इथल्या शाखा डाकघरात मी त्रेचाळीस वर्षं काढली, मागच्या साली निवृत्त झालो. मी ढीवर, मूळचा सिंदेवाहीकडच्या तळ्याकाठचा. गाव सगळं माडियांचं. मनसाराम हे माझं नाव शेवटचं कोणी घेतलं ते मलाच आठवत नाही. कोणाला कुठून पत्र येतं, कोण ते उघडायच्या आधी हुंगून बघतं, कोण दुसऱ्याचं पत्र आपलं म्हणून मागायला येतं, हे सगळं मी न लिहिता डोक्यात नोंदवत आलो. वाईट सवय आहे, पण पोस्टात बसून दुसरी कोणती लागणार.

सोमारीबाईचा नवरा म्हणजे इसरू पोरेटी, हवालदार, मरकाटोल्याचा एकुलता एक फौजी. पौषात गेला, चौऱ्याहत्तरीचा होऊन, झोपेत. माडियांत वडीलधारं माणूस गेलं की त्याच्या नावाचा उभा दगड गाडतात, आणि तो गाडेपर्यंत त्या घरात मांडव पडत नाही. प्रत्येक कुळाची दगडांची जागा वेगळी. बापाच्या बाजूला मुलगा, त्याच्या बाजूला त्याचा मुलगा, अशी रांग. तुमचा दगड ज्या रांगेत, त्या कुळाचे तुम्ही. मग कागदावर काहीही लिहिलेलं असो.

आणि फौजीच्या घरात मांडव पडायचा होता. त्याची नात पुनम, गडचिरोलीच्या बाजूला आरोग्य उपकेंद्रात नर्स, तिचं लग्न रोशन वड्डेशी ठरलं होतं. रोशन वनरक्षक. दोघांनी एकमेकांना पाहिलं, पसंत केलं आणि मग घरच्यांना असं वाटू दिलं की शोध घरच्यांनीच लावला. दगडानंतर बाराव्या दिवशी लग्न. पत्रिका छापून आल्या होत्या.

आता इथं मुलगा-मुलगी बघताना पहिला प्रश्न विचारतात तो देवांचा. किती देवांचे? कोणी चार देवांचं, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. देव सारखे निघाले की भाऊबंद. मग गाव वेगळं असो, आडनाव वेगळं असो, ते लग्न म्हणजे बहिणीशी लग्न. रोशनचे वड्डे सात देवांचे. पुनमचे पोरेटी सहा देवांचे. जमलं.

जमलं, कारण ते पत्र फक्त दोघांना ठाऊक होतं. एक सोमारीबाई, दुसरा मी.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. त्या काळात फौजीच्या पाकिटावर लष्कराचा शिक्का असायचा, आणि आमच्या जंगलात तो शिक्का घेऊन कोणाच्या दारात जाणं बरं नव्हतं. झाडाआडून कोण बघतं याचा भरवसा नसे. म्हणून त्याची पत्रं मी घरपोच करत नसे. सोमारीबाई बाजाराच्या दिवशी मीठ घ्यायला म्हणून यायची आणि पोस्टाच्या मागच्या खोलीत मी तिला वाचून दाखवायचो. तिला वाचता येत नव्हतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नवरा-बायकोची पत्रं वाचताना माझेच कान तापायचे. पण इसरू तसा माणूस नव्हता. बैल कसा आहे, कौलं फिरवली का, धनराजला खोकला आहे का, संपलं.

ते पत्र मात्र बर्फातल्या कुठल्याशा ठाण्यावरून आलं होतं. त्यात बैल नव्हता. इथं वाऱ्यानं माणूस मरतो आणि प्रेत खाली नेता येत नाही, असं लिहिलं होतं. आणि पुढे: "मी आलो नाही तरी दगड गाडशील. पण पोरेट्यांच्या रांगेत नको. माझा बाप नदीपल्याड बोडमेट्ट्याचा, तलांडी, सात देवांचा. मी दोन वर्षांचा असताना तो गेला आणि आई मला कडेवर घेऊन मरकाटोल्यात पोरेट्याच्या घरी बसली. मला त्यांच्याकडून मागून घ्यायचं होतं, ते राहून गेलं. आश्रमशाळेत मास्तरनं पोरेटी लिहिलं, फौजेनं मास्तरचं उतरवलं. पण मी अजून बापाचाच आहे. मला बापाच्या बाजूला गाड."

मागून घेणं म्हणजे काय ते सांगतो. विधवा बाई लेकरू घेऊन दुसऱ्या घरात गेली, तर नव्या बापानं जुन्या देवांच्या मानकऱ्याकडे जायचं. मानकरी एक हिरवं पान घेतो, लेकराच्या समोर फाडतो आणि म्हणतो, हा आमचा नाही. तेव्हा ते लेकरू नव्या देवांचं होतं. अर्ध्या घटकेचं काम. इसरूच्या सावत्र बापानं यंदा करू, पुढल्या साली करू असं म्हणत वीस वर्षं काढली आणि मेला. माणूस वाईट नव्हता. पोराला त्यानं स्वतःच्या ताटात जेवू घातलं. फक्त नदी ओलांडायचा कंटाळा.

आणि हे राहून गेल्याचं कोणाला काही टोचलंही नाही. सोमारीबाई चार देवांची. इसरू सहाचा असो की सातचा, त्यांचं लग्न दोन्हीकडून बरोबर. मुलगा धनराज, त्यानं पाच देवांची केली; तेही बरोबर. बहात्तर वर्षं ती चूक निजून राहिली, आणि जागी झाली ती नेमकी पुनमवर.

फौजी जिवंत असता तर त्यानं हे स्थळ उंबऱ्यावरच थांबवलं असतं. पण स्थळ आलं माघात. पौषात तो गेलेला.

तो एक्क्याण्णव साली परत आला तेव्हा एक लोखंडी पेटी आणि एक भलामोठा लोकरी कोट घेऊन आला. बोलणं आधीच कमी, त्यात आणखी काटछाट झालेली. जंगलातली बंदूकवाली पोरं येऊन त्याला म्हणाली, आम्हाला शिकव. ठाण्यातले येऊन म्हणाले, आम्हाला सांग. दोघांनाही त्यानं एकच उत्तर दिलं, मी निवृत्त आहे, आणि दोघांसमोर एकाच पद्धतीनं दाढी करत राहिला. त्या वर्षांत असं उत्तर देऊन जिवंत राहिलेली माणसं मी बोटांवर मोजली होती. एक हातही पुरून उरला. गावानं मात्र त्याला चेष्टेतच घेतलं. त्यानं बांधावर मोहाची रोपं लावली ती दोरी धरून, सरळ रांगेत. पोरं म्हणायची, फौजीची झाडं बी परेड करतात. दर चैत्रात तो बैल बघायला म्हणून एकटाच नदीपल्याड जायचा, सोबत पायलीभर तांदूळ आणि एक कोंबडी. तीसेक वर्षांत एकही बैल आला नाही. कोंबडीही परत आली नाही.

सोमवारी सकाळी गाव जमलं. धनराज बल्लारपूरहून तीन दिवस आधी आला होता. कागद कारखान्यात कामाला आहे, सत्तेचाळीसचा आहे, बूट न काढता नाल्यात उतरून त्यानं दगड निवडला, कमरेइतका, काळा, एका अंगानं सपाट. ऐनाच्या दोन दांड्यांना तो दोरांनी बांधला. चार खांदेकरी. मागे धनराज आणि त्याचा चुलतभाऊ. पुढचा मान सोयऱ्यांचा; तिथं एका बाजूला सोमारीबाईचा भाचा बुधू आणि दुसऱ्या बाजूला होऊ घातलेला सोयरा, रोशनचा काका खुशाल वड्डे.

खुशालची ओळख करून द्यायला हवी. नदीपल्याडच्या सात देवांचा मान त्याच्याकडे, देवघराची राखण त्याच्याकडे, आणि बोलण्याचा ठेकाही त्याच्याकडेच. सकाळपासून तो भेटेल त्याला सांगत होता की आता आमच्या घरात फौजीचं रक्त येणार. ज्यांना त्यानं एकदा सांगितलं त्यांना पुन्हा सांगत होता. मला तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी मी त्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही.

एक नियम आहे. दगड खांद्यावर घेतला की आपल्या जागी पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचा नाही. मधे टेकला तर तिथंच गाडावा लागतो, आणि मग तो माणूस कोणाचाच राहत नाही. दुसरी गोष्ट, वाटेत मेलेला माणूस आपल्या मनातलं दगडातून कळवतो. जायचं असेल तर दगड हलका, नसेल तर जड. गायता, म्हणजे गावचा पुजारी, प्रश्न विचारतो. होय असेल तर दांड्या पुढे झुकतात, नाही असेल तर मागे.

अशा वेळी लोक चेहरे बघतात. मी पाय बघतो. अकरा दगड पाहिले आजवर. त्यातले नऊ कोणाच्या टाचेनं अडले ते मी सांगू शकतो.

ढोल वाजत होते, बायका गात होत्या. पुनम तांदळाची टोपली घेऊन आजीच्या मागे. रोशन ढोलवाल्यांत. गावाबाहेर जिथं वाट फुटते, उजवीकडे पोरेट्यांच्या दगडांची जागा आणि डावीकडे उतार उतरून नदी, तिथं दगड थांबला.

मी आठ पायांकडे बघितलं. आठही पुढे जायला निघालेले. बुधूच्या पोटऱ्या ताणलेल्या, खुशालचा अंगठा मातीत रुतलेला, धनराजचा बूट घसरतोय. आणि दांड्या जागच्या जागी. कोणाची टाच, ते मला दिसलं नाही.

गायता पत्रू पुढे आला. सत्तरी ओलांडलेला, डोळ्यांनी अधू, पण प्रश्न विचारायला त्याच्याइतका सावध माणूस नाही. बोलणं सगळं माडियात चाललं होतं. मी आमच्या झाडीबोलीत सांगतो. त्यानं विचारलं, दारू कमी पडली का? दांड्या मागे. कोंबडा लहान वाटला? मागे. मुलावर राग आहे, तो आजारपणात उशिरा आला म्हणून? धनराजचा चेहरा लाल झाला. दांड्या मागे. मग पत्रूनं जरा थांबून, आवाज उतरवून विचारलं, कोणी काही केलं काय?

दांड्या अशा झुकल्या की बुधूचा तोल गेला.

ढोल बंद पडले. आणि मी पाहिलं, एकेक मान वळत गेली, बायकांच्या घोळक्याच्या कडेला उभ्या असलेल्या बुधरीकडे. बुधरी फौजीच्या सावत्र भावाची विधवा, मूलबाळ नाही, गावाच्या टोकाला राहते. मागच्या वर्षी त्या मोहाच्या रांगेवरून तिचं आणि फौजीचं भांडण झालं होतं, आणि तू सुखानं मरणार नाहीस असं काहीतरी ती बोलली होती. फौजी झोपेत मेला, म्हणजे सुखानंच. पण एवढा हिशेब त्या घटकेला कोण करतो. बुधरीनं पदराची गाठ घट्ट धरली आणि मागे सरकली, आणि तिच्या मागे उभे असलेले लोक बाजूला झाले नाहीत.

करणीच्या असल्याच संशयावरून एका बाईचं पलीकडच्या गावात काय झालं ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. आणि थांबलो. लोकांच्या नोंदी मी ठेवतो, तर ही माझ्या नावावर असू द्या.

"बुधरीनं काई नाई केलं," सोमारीबाई म्हणाली. "केलं ते मी."

ती घोळक्यातून बाहेर आली. तिनं पत्रूला सांगितलं, सगळ्यांच्या देखत, एका दमात. हा पोरेट्याचा नाही. सात देवांचा आहे. मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. पोरीच्या लग्नासाठी मी गिळून टाकलं, म्हणून तो अडला आहे. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"पोस्टभाऊ, सांगा पत्र."

मला ते पाठ होतं. परवा विसरून जा म्हणाली होती, आणि मी मान हलवली होती, पण पोस्टातला माणूस विसरतो कसा. मी बोडमेट्ट्यापासून बापाच्या बाजूला गाड इथपर्यंत सगळं म्हणून दाखवलं. चार माणसं दगड खांद्यावर घेऊन ऐकत होती.

पहिला बोलला धनराज. मागच्या दांडीखालून, मान वाकडी ठेवून.

"मंग मी कोण, माय?"

रोशनच्या हातातल्या ढोलाच्या काठ्या एकमेकींवर वाजल्या, त्यानं त्या दाबून धरल्या. पुनम आणि तो, दोघंही एकमेकांकडे सोडून सगळीकडे बघत होते. क्षणापूर्वी बारा दिवसांवर लग्न आलेली माणसं, आणि आता बहीण-भाऊ.

पत्रूनं विचार केला तो उभ्या उभ्या, कारण वेळ नव्हता. खांदेकऱ्यांचे गुडघे थरथरायला लागले होते, दगड टेकवता येत नव्हता. त्यानं सांगितलं, वाटा दोन. डावीकडे वळा, नदी उतरा, दिवस बुडायच्या आत बोडमेट्टा. फौजी बापाजवळ जाईल, आणि लग्न इथंच संपेल. नाही तर जे बहात्तर वर्षांपूर्वी राहिलं ते आत्ता करा. सात देवांच्या मानकऱ्यानं पान फाडावं आणि म्हणावं, हा आमचा नाही. मग तो पोरेटी, उजवीकडची वाट मोकळी, आणि लग्नही.

सात देवांचा मानकरी त्याच दगडाखाली उभा होता.

सकाळपासून न थांबलेलं खुशालचं तोंड बंद झालं होतं. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यात जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तो म्हणाला, "त्यानं सोताच्या हातानं लिवलं, बापाजवळ गाड म्हून. आमचा माणूस आमच्याकडे येऊ म्हणते, अन् मी त्याले तोडू काय? कोन्या तोंडानं?" यात त्याचा आपल्या पुतण्याचा संसार मोडत होता, हे त्याला कळत होतं. मी त्या माणसाला सकाळपासून हलक्यात काढलं होतं.

बुधू कण्हला. दगड एका अंगाला कलला, दोघांनी धावून दोर धरले.

तेव्हा सोमारीबाई दगडाजवळ गेली. सपाट बाजूवर तिनं तळहात ठेवला, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात.

"वीस वर्षं सरकारनं तुले जिथी धाडलं तिथी तू गेला," ती म्हणाली. "मले इचारून गेला काय कधी? नाई. बर्फात गेला, तरी गेलाच. आता मी धाडून राह्यली. तुह्या मनासारखं नाई, मले मालूम हाय. पोरीसाठी जा."

दांड्या हलल्या नाहीत. ना पुढे, ना मागे.

पत्रू खुशालकडे बघत होता, खुशाल जमिनीकडे. सगळे दोघातिघांकडे आलटून पालटून बघत होते. या सगळ्यात पुनमला काय हवं ते कोणी विचारलं नव्हतं. ही नोंद अख्ख्या गावाच्या नावावर.

तिनं तांदळाची टोपली बुधरीच्या हातात दिली. वाटेच्या कडेला तेंदूची झुडपं होती, नवी पानं फुटलेली. तिनं एक पान तोडलं, दोन्ही बाजूंनी निरखून बघितलं, किडकं नाही ना म्हणून, आणि खुशालच्या समोर धरलं. हात अजिबात हलत नव्हता. सुई टोचणाऱ्याचा हात.

खुशालनं मान वर केली. तिच्याकडे बघितलं, मग ढोलवाल्यांत उभ्या रोशनकडे. दांडी खांद्यावर तशीच ठेवून त्यानं दोन्ही हात पुढे आणले, पान घेतलं, आणि मधल्या शिरेवरून फाडलं. म्हणायचं ते इतक्या हळू म्हणाला की पत्रूनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा सगळ्यांनी ऐकलं.

पण त्याबरोबर नवा घोटाळा झाला. ज्यानं तोडलं त्याला आता दगडाला हात लावता येईना. खुशालला बाहेर पडावं लागणार, तेही ताबडतोब, आणि दगड तर खाली येता कामा नये. पोरेटी पुढच्या दांडीला चालत नाहीत, तिथं परकं घर लागतं. रोशन पुढे झाला, पत्रूनं त्याला हातानंच मागे लोटलं. तोही सात देवांचा.

"पत्र तुमीच वाचलं," सोमारीबाई मला म्हणाली. "खांदा बी तुमीच द्या."

मी पासष्टचा. आयुष्यात टपालाच्या पोत्याहून जड काही उचललं नाही. पण नाही म्हणायला जागा नव्हती. खुशाल वाकून निसटला आणि दांडी माझ्या खांद्यावर आली. हाड मोडतंय असं वाटलं. पत्रूनं फौजीचं नाव घेतलं, या वेळी पोरेटी लावून, आणि म्हणाला, चला.

आता मला सांगायचं ते नीट सांगता येईल का, ठाऊक नाही. दगड डावीकडे ओढत होता. उताराच्या, नदीच्या बाजूला. उतार आहे, वजन तिकडे जाणारच, हे मला कळत होतं. दोर त्या बाजूला सैल झाला असेल, हेही. पण बाहेर उभं राहून आठ पाय मोजणं वेगळं आणि आत असणं वेगळं. आत काहीच दिसत नाही. बुधूचा श्वास ऐकू येतो आणि ओढ लागते. मी डावा पाय रोवला, टाच मातीत घुसवली, आणि अंगातल्या सगळ्या बळानं उजवीकडे रेटलं. एकदा. पुन्हा एकदा. मागून धनराज काहीतरी ओरडला. मग दांड्या सुटल्यासारख्या पुढे गेल्या आणि आम्ही जवळजवळ धावतच पोरेट्यांच्या रांगेपर्यंत पोचलो.

खड्डा तयार होता. दगड उभा केला, पायाशी तांदूळ पडले, पत्रूनं पोरेट्यांच्या पिढ्यांची नावं घेतली: इसरू, दसरूचा, दसरू, कोलूचा. तिथं कोणी चुकलं नाही, कोणी अडखळलं नाही. खुशालला हद्दीच्या आत यायची मनाई होती. तो बाहेर उन्हात पागोटं हातात घेऊन उभा होता आणि रडत होता. तोडलेल्यासाठी रडायची रीत नाही. पत्रूला दिसत कमी, म्हणून त्यानं बघितलं नाही, असं आम्ही धरून चाललो.

जेवणं झाली. पुनम आणि रोशन तोवर एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. पत्रावळी वाढताना तो तिच्या रांगेला गेला आणि तिनं मान न वर करता दोनदा भात घेतला, एवढं मी बघितलं. धनराज दगडासमोर बसून होता, बूट काढून. आईशी तो पुढे दोन दिवस बोलला नाही.

माझा खांदा सुजला होता. सोमारीबाई तेल घेऊन आली, वाटी माझ्यासमोर ठेवली आणि बाजूला बसली.

"पोस्टभाऊ, खरं सांगजा. तो सोता गेला का तुमी ढकललं?"

मला तिला बरं वाटेल असं सांगता आलं असतं. दिवसभरात तेवढी तरी उसंत तिला मिळायला हवी होती. पण याच बाईच्या तोंडचं खरं आम्ही सकाळी ऐकलं होतं.

"मी ढकललं, बाई," मी म्हणालो.

तिनं पोरेट्यांच्या रांगेकडे बघितलं. रांगेत तेवढा एकच दगड नवा होता, त्यावर अजून नाल्याचं शेवाळ होतं.

"बरं केलं," ती म्हणाली. "सुट्टी भेटली तरी हा बुढा कधी वेळेवर घरी आला नाई. दर खेपेले कोनाले ना कोनाले ढकलाच लागे."

मग तिनं विचारलं, लग्नाला माझी बायको येईल ना, एवढं चालवेल का तिला.